एरी सरोवरावर पर्च गरवायला जाताना

नायगरा बघून आलेल्या प्रत्येक मराठी आईबाबांनी एरी सरोवराचं पाणी बघितलेलं असतं. सरोवर मात्र बहुतेकांनी बघितलेलं नसतं. धबधब्यावरून कोसळतं ते एरीचंच पाणी. क्लीव्हलँड, टोलीडो किंवा डेट्रॉइटला मुलाकडे-मुलीकडे उन्हाळ्यात राहायला आलेल्या मंडळींना मंदिर, मॉल आणि नायगरा झाला की करण्यासारखं फारसं उरत नाही. त्यातले बाबा मालवणचे किंवा अलिबागचे असले, तर इंडियन ग्रोसरीतल्या फ्रोझन सुरमईच्या नावाने रोज बोटं मोडत असतात. त्यांच्यासाठी, आणि इथे वर्षानुवर्षं राहूनही सरोवर फक्त गाडीच्या काचेतून बघणाऱ्या नोकरदारांसाठी, एक दिवस चार्टर बोटीवर काढण्याचा सल्ला मी हमखास देतो. पुढे जे लिहितोय ते ओहायोच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्यांसाठी आहे. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क किंवा ओंटारियोतून जाणार असाल तर मासा तोच, कायदे वेगळे.

पहिल्यांदाच जाताय तर पर्चलाच जा. इथले लोक वॉलआय नावाच्या माशाच्या मागे वेडे आहेत, पोर्ट क्लिंटन गाव तर स्वतःला वॉलआयची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. पण वॉलआयसाठी बहुतेक कॅप्टन बोट चालती ठेवतात, गळ मागे ओढत फिरतात, रॉड खोबणीत खोचलेले असतात आणि मासा लागला की ज्याची पाळी असेल तो रीळ गुंडाळतो. माणसं नुसती बसून राहतात. पर्चला बोट एका जागी उभी असते, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा रॉड असतो, आणि आठ वर्षांची नात आजोबांपेक्षा जास्त मासे काढू शकते. कसब लागतं, पण त्यातलं तीन चतुर्थांश कॅप्टनचं. मासा शोधणं त्याचं काम, तळ न सोडणं आपलं. हे एकदा मान्य केलं की दिवस सोपा जातो.

पाणी, मासा आणि मोसम

एरीचं क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ सात गोवे. लांबी ३८८ किलोमीटर. एवढा विस्तार असून सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. पाच ग्रेट लेक्समध्ये सर्वांत उथळ, म्हणून सर्वांत लवकर तापणारं आणि सर्वांत जास्त मासे देणारंही हेच. त्याचे तीन भाग पडतात. टोलीडो आणि बेटांकडचा पश्चिम भाग अगदी उथळ, क्लीव्हलँडसमोरचा मध्य भाग त्याहून खोल, आणि बफेलोकडचा पूर्व भाग सर्वांत खोल, ६४ मीटरपर्यंत. पश्चिमेला पर्च साधारण वीस ते पस्तीस फुटांवर गरवतात, क्लीव्हलँडकडे चाळीस ते साठ फुटांवर. खोली इथे फुटांतच सांगतात, मीटर विसरा.

आपण ज्याच्या मागे जातोय तो यलो पर्च. सोनेरी-पिवळं अंग, त्यावर सहा ते आठ काळपट उभे पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी. सात ते दहा इंचांचा असतो. बारा इंची लागला तर बोटीवरचे सगळे बघायला येतात. थव्याने राहतो, तळालगत फिरतो, आणि डोळ्यांनी बघून खातो, म्हणून अंधारात त्याचं तोंड बंद. पहाटे तीनला उठून निघायची गरज नाही, ही त्याची आणखी एक मेहरबानी.

मोसम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबर मला सगळ्यांत आवडतो: शाळा सुरू झालेल्या असतात, धक्क्यावर गर्दी कमी असते, आणि भारतातून आलेले आईबाबा अजून परत गेलेले नसतात. मात्र मध्य भागात ऑगस्टअखेर एक भानगड होते. वरचं कोमट पाणी आणि तळाचं थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, तळाच्या थरातला प्राणवायू कुजणारं शेवाळ संपवून टाकतं, आणि मासा तिथे राहू शकत नाही. पर्च मग किनाऱ्याकडे उथळात सरकतो, नाहीतर तळ सोडून थोडा वर तरंगतो. थंड वारे सुटून पाणी वरखाली घुसळलं गेलं की पुन्हा पसरतो. त्यामुळे गेल्या आठवड्यात मित्राला अमुक ठिकाणी भरपूर मिळाले म्हणून कॅप्टनला तिथेच नेण्याचा आग्रह धरू नका.

पश्चिम भागात त्याच दिवसांत पाण्यावर हिरवी साय दिसू शकते. मॉमी नदीतून शेतांमधला फॉस्फरस येतो, त्यावर ते शेवाळ पोसतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या विषामुळे टोलीडो परिसरातल्या जवळपास पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. कॅप्टन अशा पट्ट्यातून बाहेरच काढतो, पण त्या पाण्यात हात बुचकळून मुलांना खेळू देऊ नका, आणि घरी आणलेले मासे नळाच्या पाण्याने नीट धुवा.

बोट ठरवताना

दोन प्रकार आहेत. पहिला खाजगी चार्टर: एक कॅप्टन, फार तर सहा प्रवासी. कोस्ट गार्डचा जो परवाना बहुतेक कॅप्टनकडे असतो तो पैसे देणाऱ्या सहाच माणसांपुरता असतो, त्यामुळे 'सातवा लहान मुलगा आहे, बसेल की मांडीवर' हे चालत नाही. मासे न पकडता नुसती हवा खायला आलेली मावशीसुद्धा त्या सहांत मोजली जाते. दुसरा हेडबोट: मोठी, तपासणी झालेली बोट, त्यावर वीस-तीस किंवा जास्त माणसं, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. एकटेदुकटे असाल, खिशाला जपायचं असेल, तर हेडबोट. आईबाबा, मुलं सोबत असतील तर सरळ खाजगी बोट घ्या. खर्च शेकडो डॉलरमध्ये जातो, पण तो सहा जणांत वाटला जातो, आणि म्हाताऱ्या माणसाला मळमळायला लागलं तर बोट परत वळवता येते. हेडबोट एकट्यासाठी वळत नाही.

फोन करून बोला. वेबसाइटवर दहा वर्षांपूर्वीचे वॉलआयचे फोटो असतात, त्यावरून काही कळत नाही. पर्च कधीपासून सुरू करता, रॉड आणि आमिष भाड्यात धरलेलं आहे का, मासे साफ करून देता की धक्क्यावर वेगळे पैसे द्यायचे, हवा बिघडली तर आगाऊ रकमेचं काय, हे विचारा. आणि संकोच न करता विचारा की बोटीवर टॉयलेट आहे का आणि ते दार लागणारं आहे का. आपल्याकडच्या बायका हा प्रश्न विचारत नाहीत आणि मग सहा तास पाणी पीत नाहीत, जे उन्हात फार वाईट. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत ना, हेही आधीच पक्कं करा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला अडकवून काही उपयोग होत नाही.

परवान्याचं प्रकरण सोपं आहे. ओहायोत सोळा वर्षांखालच्यांना मासेमारीचा परवाना लागत नाही, बाकी प्रत्येकाला स्वतःचा लागतो. एका दिवसाचा मिळतो, ऑनलाइन पाच मिनिटांत निघतो, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही घेता येतो. त्यांनी परराज्यातले म्हणून घ्यायचा. आदल्या रात्रीच काढून फोनमध्ये ठेवा, धक्क्यावर नेटवर्क शोधत बसू नका. फक्त बघणाऱ्याला परवाना नको, पण आजींनी 'बघू जरा' म्हणून रॉड हातात घेतला की त्या मासेमारच झाल्या.

सरोवराच्या मधोमध अमेरिका-कॅनडा सीमा जाते. आमच्यातल्या निम्म्यांना पाण्यावर पहिला प्रश्न मासे कुठे आहेत हा नसून 'चुकून पलीकडे गेलो तर व्हिसाचं काय' हा पडतो. कॅप्टनच्या नकाशाच्या पडद्यावर ती रेघ स्पष्ट दिसते आणि ओहायोचा परवाना पलीकडे चालत नसल्यामुळे त्याला स्वतःलाच तिकडे जायचं नसतं.

किती मासे घरी न्यायचे याची मर्यादा माणशी ठरलेली असते आणि ती विभागानुसार, वर्षानुसार बदलते. चार राज्यं आणि ओंटारियो यांची समिती दर वसंतात सरोवरातून एकूण किती पर्च काढायचा ते ठरवते, मग ओहायो आपल्या वाट्यावरून रोजची मर्यादा काढतो. उदाहरणार्थ २०२२ मध्ये पश्चिमेला आणि पूर्वेला माणशी ३० होते, पण मध्य भागात फक्त १०. म्हणजे क्लीव्हलँडहून निघणाऱ्या सहा जणांचे साठ, आणि तासभर गाडी चालवून पश्चिमेला गेलेल्यांचे एकशे ऐंशी. बोट ठरवण्याआधी चालू वर्षाचा आकडा जरूर बघा. तरीही निव्वळ आकड्यासाठी पश्चिमेला धावू नका, असं मी म्हणेन. दहा चांगले नऊ इंची पर्च हे एका कुटुंबाचं एक जेवण आहे, आणि तीस मासे काढायला लागणाऱ्या वेळात मुलं कंटाळतात.

वारा, पोट आणि केळी

हवामान खात्याचा किनाऱ्याजवळच्या पाण्याचा वेगळा अंदाज असतो, त्यात लाटा फुटांत दिलेल्या असतात. तापमान आणि पाऊस बघणारं साधं अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही. दोन फुटांपर्यंत लाटा असतील तर मजेत जा. तीन ते चार म्हटलं असेल तर कॅप्टन नेईलही, पण पर्चसाठी तो दिवस फुकट समजा, कारण नांगरावर उभी बोट वरखाली होते आणि तुमचं शिसं प्रत्येक लाटेबरोबर तळावरून उचललं जातं. वाऱ्याची दिशाही बघा. दक्षिणेचा वारा जमिनीवरून येतो, ओहायोच्या किनाऱ्याला पाणी शांत राहतं. उत्तर किंवा ईशान्येच्या वाऱ्यापाठी अख्खं सरोवर मोकळं असतं आणि उथळ पाण्यात लाटा आखूड, उभ्या, एकामागून एक येतात. समुद्रावर वाढलेल्या माणसाला सरोवर म्हणजे तळं वाटतं. एरीच्या आखूड लाटा त्यालाही जेरीस आणतात. जोराचा नैर्ऋत्येचा वारा सुटला तर परात कलती केल्यावर पाणी एका कडेला जमावं तसं सरोवराचं पाणी बफेलोकडे ढकललं जातं आणि टोलीडोकडची पातळी काही फूट खाली जाते. अशा दिवशी कॅप्टनने सकाळी पाचला फोन करून रद्द केलं तर हुज्जत घालू नका. उलट जो कधीच रद्द करत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही, निघण्यापूर्वी घ्यावी लागते. पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती घेऊ नये, झोपही येते. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नका आणि मिसळही खाऊन जाऊ नका. पोळीभाजी, थालीपीठ, सुकं आलं, पाणी. त्रास व्हायला लागला तर केबिनमध्ये शिरून आडवं होण्याची चूक बहुतेक जण करतात. बाहेर, बोटीच्या मागच्या भागात, डिझेलच्या धुरापासून दूर उभं राहून क्षितिजाकडे बघायचं.

कपडे थर चढवता-उतरवता येतील असे. सप्टेंबरात सकाळी जॅकेट लागतं आणि अकराला टी-शर्टही नको होतो. बूट मऊ रबरी तळाचे. काळे डाग सोडणारे बूट डेकवर कोणालाच आवडत नाहीत. जुना टॉवेल, टोपी, गॉगल, मदतनिसासाठी रोख पैसे. मोठा कूलर बर्फ भरून गाडीतच ठेवा, तो परतीसाठी.

आणि केळी नेऊ नका. बोटीवर केळं म्हणजे मासे मिळत नाहीत, असा इथल्या मासेमारांचा पक्का समज आहे. काही कॅप्टन हसून सोडून देतात, काही खरोखर पाण्यात फेकून देतात. प्रवासाला निघताना डब्यात केळी ठेवणं आपल्या हाडात आहे, पण एक दिवस सफरचंद न्या.

नांगर पडल्यावर

धक्का सोडल्यावर पाऊण-एक तास नुसता प्रवास. या वेळात कॅप्टनशी गप्पा माराव्यात, पण मग एक क्षण येतो जेव्हा इंजिनाचा आवाज उतरतो आणि तो बोलायचा थांबतो. आता तो फिश फाइंडरच्या पडद्याकडे बघतोय. त्याच्या मागे उभं राहून तुम्हीही बघा, फक्त प्रश्न विचारू नका. तळाची जाड रेघ दिसते. तिच्यावर चिकटून उभा राहिलेला ढीग दिसला, वर निमुळता, खाली फुगलेला, तर तो पर्चचा थवा. मध्येच एकटी मोठी कमान दिसली तर तो वॉलआय किंवा ड्रम नावाचा मासा, त्याला आज सोडून द्यायचं. ढिगावरून तो एकदा जातो, परत फिरून दुसऱ्यांदा जातो, थवा अजून तिथेच आहे का ते बघतो. मग वारा येतो त्या दिशेने पुढे जाऊन नांगर टाकतो आणि दोर सोडत सोडत बोट मागे येऊ देतो, जोवर बोटीचं ढुंगण बरोबर त्या ढिगावर येत नाही. हे करताना त्याची नजर एकदा दोरावर, एकदा पडद्यावर असते. पाच-दहा फुटांचा फरक पडला तरी तो दोर पुन्हा आवळतो. काही नव्या बोटींवर जागा धरून ठेवणारी विजेची मोटर असते. मग नांगराची ही मजा बघायला मिळत नाही.

आता तुमची पाळी. रॉड हलका, सहा-सात फुटी. दोरीच्या टोकाला तीस ते साठ ग्रॅमचं शिसं, त्याच्या वर फूटभर अंतराने दोन गऱ्या. आमिष म्हणजे एमराल्ड शायनर, बोटभर लांबीचा चंदेरी मासा. बादलीतल्या थंडगार पाण्यात हात घालून तो पकडायचा, गरी दोन्ही डोळ्यांतून आरपार घालायची, नाहीतर तोंडातून घालून पाठीत बाहेर काढायची. मुलांना हे बघवत नसेल तर मेटला, म्हणजे कॅप्टनच्या मदतनिसाला सांगा, तो हसत करून देतो. शायनर कमी असले तर अर्धा तुकडाही पुरतो. पर्चला पूर्ण माशाचा हट्ट नसतो.

रीळ मोकळं करून शिसं सरळ खाली सोडा. फेकायचं नाही, सहा जणांच्या दोऱ्या गुंतण्याचं कारण नव्वद टक्के वेळा कोणीतरी हौसेने फेकलेलं असतं. गुंता झालाच तर ओढू नका, मेटला हाक मारा. शिसं तळाला टेकलं की दोरी एकदम सैल पडते. तिथे रीळ बंद करा आणि सैल पडलेली दोरी गुंडाळून घ्या, इतकीच की शिसं तळाला जेमतेम टेकलेलं राहील आणि दोरी ताणलेली. बोट लाटेवर चढली की मनगट खाली न्या, उतरली की वर घ्या, म्हणजे शिसं जागेवर राहतं. सगळं कसब ते एवढंच, आणि तेच लोक विसरतात. शेजारच्याला मासे मिळतायत आणि आपल्याला नाही, तर आमिष बदलण्याआधी, जागा बदलण्याआधी, शिसं तळाला आहे का ते बघा. बहुधा नसतं.

पर्चची चव घेण्याची पद्धत लाजरी आहे. टक, मग टक-टक, कधी फक्त दोरी किंचित जड झाल्यासारखी. कोकणात बोय किंवा मुडदुशी गरवलेल्यांचा हात इथे लगेच बसतो; ज्यांनी फक्त सिनेमात मासेमारी बघितली आहे ते रॉड डोक्यावरून मागे झटकतात आणि पर्चच्या मऊ तोंडातून गरी निसटते. मनगटानेच थोडं उचला आणि न थांबता, एकाच वेगाने गुंडाळत राहा. रॉड वरखाली करून पंप मारायचा नाही, त्या सैल क्षणात मासा सुटतो. पृष्ठभागावर आला की जाळं शोधू नका, सरळ उचलून बोटीत घ्या. दोन्ही गऱ्यांना मासे लागावेत म्हणून पहिला टक-टक लागल्यावर थांबायचं की लगेच उचलायचं, यावर कॅप्टन लोकांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर उचला. दुसऱ्याच्या लोभात पहिला जातो.

मासा हातात धरताना तळहात डोक्याकडून शेपटीकडे न्या, म्हणजे पाठीवरचा काटेरी पर दाबून आडवा होतो. उलटा हात नेलात तर बोटं रक्तबंबाळ. कल्ल्यांवरच्या झाकणाची कडही धारदार असते, तिथे अंगठा घालू नका.

प्रत्येक मासा पर्च नसतो. अंगावर पट्टे नसलेला, चंदेरी, पर्चसारखाच आकार असलेला मासा आला तर तो व्हाइट पर्च. नावात पर्च असला तरी तो दुसऱ्याच कुळातला, बाहेरून आलेला आहे, आणि नवखे लोक तो आनंदाने बादलीत टाकतात. खाता येतो, पण यलोची सर नाही. मोठ्या डोक्याचा, तपकिरी, बेडकासारखा दिसणारा छोटा मासा म्हणजे गोबी. तो काळ्या समुद्राकडून जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला आणि पर्चची अंडी खातो. त्याला जिवंत परत सोडू नका, मेटच्या हवाली करा. उरलेलं आमिषही पाण्यात ओतू नका. २००६ मध्ये इथे माशांना एक विषाणूजन्य रोग पसरला, तेव्हापासून आमिषाचे मासे इकडून तिकडे नेण्याबाबत नियम कडक झाले आहेत.

अर्धा तास काहीच लागलं नाही की लोक कुरकुरतात. कॅप्टन नांगर उचलून पुन्हा शोधायला निघतो, तेव्हा ती कुरकुर थोडी वाढते, कारण वीस मिनिटं रॉड हातात नसतो. पण जो कॅप्टन जागा बदलतो तोच चांगला. दूर बोटींचा घोळका दिसतो आणि कोणीतरी म्हणतंच, तिकडे चला, तिकडे मासे असणार. असतील किंवा नसतील. घोळक्यातल्या निम्म्या बोटी दुसऱ्या बोटी बघून आलेल्या असतात. रेडिओवर कॅप्टन एकमेकांशी काय बोलतात ते ऐका. कोण खरं सांगतोय आणि कोण आपली जागा लपवतोय, हे आपल्या कॅप्टनला आवाजावरून कळतं. कधी पडद्यावर ढीगच ढीग दिसतात आणि तरी एकही चावा नाही. अशा वेळी एखादा मासा लागला आणि साफ करताना त्याचं पोट उघडलं, तर आत काळसर, केसाळ गोळा सापडतो: काटेरी पाणपिसवा नावाच्या बारीक जलचरांचा. पोट भरलेल्या माशाला शायनर दाखवून काय उपयोग?

मोजदाद सुरुवातीपासून ठेवा. प्रत्येकाची वेगळी, शक्य असेल तर बादलीही वेगळी. मर्यादा पूर्ण झाली की गरी वर. वन्यजीव खात्याचे अधिकारी धक्क्यावर कूलर उघडून मोजतात, आणि 'मुलाने जास्त पकडले, ते माझ्यात धरा' हा हिशेब तिथे लावायची वेळ येऊ देऊ नका.

धक्क्यावर आणि स्वयंपाकघरात

मदतनिसाला टीप देतात, साधारण भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के. मेट नसेल तर कॅप्टनला. दिवसभर तुमच्या गुंतलेल्या दोऱ्या सोडवणाऱ्या पोराला पाच डॉलर टेकवणं बरं दिसत नाही.

बहुतेक धक्क्यांवर मासे साफ करून देणारी जागा असते. ते झरझर दोन फिलेट काढतात, कातडीसकट नाहीतर कातडी सोलून. आठ-नऊ इंची पर्चची दोन्ही फिलेट मिळून तळहातावर मावतात, तेव्हा माणशी चार-पाच मासे धरा. कोकणातल्या माणसाला फिलेट बघून जीव तळमळतो: डोकी गेली, काटे गेले. अशांनी रांगेत उभं राहतानाच सांगावं की काही मासे फक्त खवलं आणि पोट काढून अख्खे द्या. कुठे देतात, कुठे नाही. देत नसतील तर काही मासे न सोपवता घरी आणा, पर्चचं खवलं घट्ट असतं आणि सिंकभर उडतं, म्हणून ते अंगणात काढा.

फिलेट झिपच्या पिशवीत घालून मग बर्फावर ठेवा, वितळलेल्या पाण्यात सुटी पोहू देऊ नका, मांस मऊ पडतं. गरोदर बाई किंवा लहान मुलं घरात असतील तर ओहायोच्या आरोग्य खात्याचा मासे किती वेळा खावेत याचा तक्ता एकदा बघा. पर्च त्यात जास्त वेळा खाता येणाऱ्या माशांत आहे.

इथले लोक पर्च बिअरच्या पिठात बुडवून तळतात, शुक्रवारी चर्चमधल्या जेवणालासुद्धा. चांगला लागतो, पण आपण रव्यात तळावा. फिलेट पातळ असते, म्हणून हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून दहा मिनिटंच ठेवा. सुरमईसारखं तासभर मुरवलं तर आगळ मांस शिजवून टाकतं. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा सारखे घेऊन त्यात घोळवा, तवा चांगला तापलेला, एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला त्याहून कमी. आलं-लसूण वाटून लावू नका, पर्चची गोडसर चव त्याखाली दडपते. फिलेटचं कालवण करू नका, उकळीत विरघळतात. अख्खे आणलेले मासे मात्र तिरफळ घालून तिखल्यात छान लागतात, फक्त ओलं खोबरं फ्रोझन असेल तर ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर वाटण फुटतं.

जास्त झाले तर पिशवीत मासे बुडतील इतकं पाणी घालून तसेच गोठवा, दोन-तीन महिने बर्फाचा वास लागत नाही. आणि डोकी, काटे, खवलं घरी आली असतील तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पिशवी बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याची गाडी येते त्या सकाळीच बाहेर काढा. सप्टेंबरातही दोन दिवसांत शेजारी दार ठोठावतात, आणि रकून तर पहिल्याच रात्री येतात.